आईला ३० पैकी २७ मिळाले, तरी काहीतरी बिनसलंय – स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि बाई-पुरुष फरक

दुपारची_सावली (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं पण गेल्या दीड वर्षात जे भोगलं आणि जे वाचलं ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितेच आता. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आई ७३ वर्षांची. ३० वर्षं शाळेत भाषा शिकवली तिने, शब्दांवर हुकमत म्हणजे अशी की अजूनही कुणी चुकीचा शब्द वापरला की लगेच टोकते. तिची एक हिशोबाची वही आहे, लग्न झाल्यापासून लिहितेय, एक दिवस खंड नाही. मागच्या वर्षी मी सहज ती वही चाळत होते तर एकाच आठवड्यात 'वीजबिल भरले' ही नोंद तीन वेळा. तीनही वेळा तोच आकडा, तेच सुबक अक्षर, खाली तशीच पट्टीने मारलेली रेघ. आणि बिल खरंच दोनदा भरलं गेलं होतं. माझ्या पोटात गोळाच आला, कारण बोलण्यावागण्यात काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मोका नावाची चाचणी घेतली, ३० मार्कांची, दहा-पंधरा मिनिटांत होते. पाच शब्द सांगतात, मध्ये दुसरी कामं देतात आणि थोड्या वेळाने तेच शब्द विचारतात. आईने चार सांगितले, पाचवा थोडी हिंट दिल्यावर आठवला (हिंट दिल्यावर मार्क मिळत नाही). घनाकृतीचं चित्र बघून काढायचं होतं ते जमलं नाही. आणि घड्याळ, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. आईने गोल छान काढला, आकडे बरोबर लिहिले, लहान काटा अकरावर आणि मोठा काटा थेट दहावर. मी शेजारी बसून बघत होते, बोलता येत नव्हतं, पण ते घड्याळ डोळ्यांसमोरून जात नाही अजून.

एकूण २७. कटऑफ २६, म्हणजे त्याहून कमी आले तर शंका घ्यायची. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने उत्तम आहे, आणि बायकांना अशी चित्रं काढायला जरा जड जातंच. आम्ही सुटकेचा निश्वास टाकून घरी. वही मी पिशवीतून नेली होती, ती बाहेर काढलीच गेली नाही, कुणी विचारलं नाही आणि मीही २७ ऐकून गप्प बसले.

आठ महिन्यांनी ती बँकेतून परत येताना रस्ता चुकली, वीस वर्षं पायाखालचा रस्ता. मग मी हट्टाने न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे सविस्तर टेस्टिंग करून घेतलं, अडीच तास लागले. त्यात १५ शब्दांची यादी असते, ती पाच वेळा वाचून दाखवतात आणि प्रत्येक वेळी आठवतील तेवढे सांगायचे. पाचव्या फेरीत आईने ११ सांगितले. अर्ध्या तासाने परत विचारले तेव्हा ४. आणि इथेच मला पहिल्यांदा हा विषय कळला. त्या बाईंनी दोन तक्ते दाखवले, निरोगी लोकांना साधारण किती मार्क येतात त्याचे. वय आणि शिक्षणानुसारचा सगळ्यांचा मिळून जो तक्ता आहे त्यात आईचे ४ काठावर पण 'ठीक' मध्ये बसत होते. फक्त बायकांचा जो तक्ता त्यात ते स्पष्ट खाली. म्हणजे आई तीच, उत्तर तेच, आणि तक्ता बदलला की निदान बदलतं.

कारण शब्द लक्षात ठेवण्यात बायका सरासरीने पुरुषांपेक्षा पुढे असतात, हे जवळपास सगळ्या वयांत दिसतं. त्यामुळे विस्मरणाचा आजार सुरू झाला तरी बरेच दिवस त्यांचा स्कोअर 'नॉर्मल'च्या वर तरंगत राहतो. बायकांची ही सरस बाजूच त्यांचा आजार झाकते असं म्हणायला हरकत नाही. आणि आजार आधीच बराच पुढे गेलेला असल्याने नंतर घसरण मात्र वेगाने झाल्यासारखी वाटते.

तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आहे का, आणि या क्षेत्रातलं कुणी असेल तर प्लीज लिहा.

निवांतक्षण

वाचून अस्वस्थ झालो. पण एक शंका, मेंदू तर बायकांचा आणि पुरुषांचा सारखाच ना? वेगळा तक्ता लावणं म्हणजे बायकांची परीक्षा वेगळी असं नाही का होत? आणि फरक नक्की कशाकशात आहे?

दुपारची_सावली

@निवांतक्षण फरक सरासरीतला आहे हे आधी सांगते. दोन्ही गट एकमेकांवर इतके पसरलेले असतात की एखाद्या माणसाचा स्कोअर बघून तो बाई की पुरुष हे कुणी सांगू शकणार नाही. पण सरासरी बघितली तर शब्दांची यादी, गोष्ट ऐकून परत सांगणं यात बायका पुढे. मनातल्या मनात एखादी आकृती फिरवून बघणं, रेघांचा कोन ओळखणं यात पुरुष पुढे. एका मिनिटात जास्तीत जास्त नावं सांगा असा एक प्रकार असतो, त्यात विषय कुठला दिलाय त्यावरही अवलंबून, फळं-भाज्या दिल्या तर बायका हमखास जास्त सांगतात.

मोका आणि त्याआधीची एमएमएसई (ही १९७५ची, मोका २००५ साली आली) दोन्हींत कटऑफ बाई-पुरुष दोघांना एकच. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर मोकात एक मार्क वाढवून देतात, पण स्त्री-पुरुष फरकासाठी तसं काही नाही.

चाचणीवाली

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे, १४ वर्षं ज्येष्ठांच्या चाचण्या घेतेय. सावलीताई, तुम्ही अगदी दुखरी नस पकडलीत म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या आईंना त्या बाईंनी जे दाखवलं त्यामागे अमेरिकेतल्या एडीएनआय नावाच्या, अल्झायमरवरच्या मोठ्या अभ्यासातला डेटा आहे. एरिन सुंडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केलंय. २०१६च्या सुमारास त्यांनी दाखवलं की मेंदूत झीज सुरू झालेली असतानाही, झीज साधारण सारखीच असलेल्या पुरुषांपेक्षा बायकांचे शब्दस्मरणाचे मार्क जास्त येतात. झीज फार पुढे गेली की मग हा फरक पुसला जातो. २०१९मध्ये त्यांनी बायकांचे आणि पुरुषांचे वेगवेगळे कटऑफ लावून बघितले तर साधारण १० टक्के बायका अशा निघाल्या ज्यांना आधी 'नॉर्मल' म्हटलं होतं आणि साधारण तेवढेच पुरुष असे ज्यांना उगाच सौम्य विस्मरणाचं (नॉर्मल आणि डिमेन्शिया यांच्या मधला टप्पा) लेबल लागलं होतं. हा दुसरा भाग लोक विसरतात. एकच कटऑफ पुरुषांवरही अन्याय करतो, विनाकारण घाबरवतो.

आता यादी पाठ करताना काय होतं ते सांगते, कारण हे मी रोज समोर बघते. बऱ्याच बायका शब्द आले की लगेच त्यांचे गट पाडतात, घरातल्या वस्तू एकीकडे, प्राणी एकीकडे, नाहीतर गोष्ट गुंफतात. एका आजींनी मला १५ पैकी १३ शब्द सांगितले आणि नंतर म्हणाल्या की मी त्या सगळ्यांना एका घरात नेऊन ठेवलं, नदी होती ती अंगणामागून वाहत नेली. ही युक्ती फार कामाची असते. पण ती पहिल्या काही फेऱ्यांत उपयोगी पडते, अर्ध्या तासाने आजार असलेल्या मेंदूत ते घरच शिल्लक राहत नाही. म्हणून पाच शब्दांच्या आणि पाच मिनिटांच्या चाचणीत जे लपतं ते १५ शब्द आणि अर्ध्या तासात उघडं पडतं. तुमच्या आईंचे ११ वरून ४, हा जो उतार आहे तो मला एकूण स्कोअरपेक्षा जास्त बोलका वाटतो.

आणि ते घड्याळ. 'अकरा दहा' मुद्दाम निवडलेली वेळ आहे. दहा शब्द कानावर पडतो, डोळ्यांना दहाचा आकडा दिसतो, आणि तिकडे न जाता मोठा काटा दोनवर न्यायला मेंदूला स्वतःला आवरावं लागतं. काटा दहावर गेला की आम्ही थांबतो आणि नोंद करतो. 'बायकांना चित्र जमत नाही' हे त्याचं स्पष्टीकरण नाही. घन न जमणं एकवेळ समजू शकते. ३० वर्षं शिकवलेल्या, रोज घड्याळ बघून तास घेतलेल्या बाईंचा काटा दहावर जाणं ही वेगळी गोष्ट आहे. मला वाईट वाटलं वाचून.

सत्तरीचा_सोबती

चाचणीवाली ताईंनी पुरुषांचं लिहिलं म्हणून माझं सांगतो. वय ७६. मुलीच्या आग्रहावरून टेस्ट दिली, २३ आले. त्या दिवसापासून घरात वातावरणच बदललं, माझ्या हातून गाडीची चावी काढून घेतली, बँकेचं काम मुलगा बघू लागला, मी बोलायला लागलो की सगळे एकमेकांकडे बघायचे. रात्र-रात्र झोप नाही. मी मनातल्या मनात नातवंडांच्या जन्मतारखा म्हणत पडायचो.

तीन महिन्यांनी कानाच्या डॉक्टरांनी श्रवणचाचणी केली तर वरच्या पट्टीचे आवाज मला जवळपास ऐकूच येत नाहीत. बारीक आवाजाची मुलगी होती टेस्ट घेणारी, तिने शब्द वाचले, मी जे ऐकलं तेच परत सांगितलं आणि ते चुकीचं होतं. श्रवणयंत्र लावून सहा महिन्यांनी दुसरीकडे टेस्ट दिली, २७. मला लाजल्यासारखं झालं होतं की ऐकू येत नाही हे मीच का नाही सांगितलं, पण खरं सांगतो, मला स्वतःला कळलंच नव्हतं. पुरुषांना या वयात ऐकू कमी येण्याचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त असतं असं मला तिथे सांगितलं. मग टेस्टच्या आधी कान तपासणं सक्तीचं का नाही?

चाचणीवाली

काका, लाजायचं काहीच कारण नाही, ही चूक चाचणी घेणाऱ्याची. शब्द वाचल्यावर लगेच परत म्हणायला लावतात ते मार्कांसाठी नसतंच, ऐकू आलं का हे कळावं म्हणूनही असतं. समोरच्याने दुसराच शब्द म्हटला की तिथेच थांबायला हवं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने (लॅन्सेट कमिशन) २०२०च्या आणि मग २०२४च्या अहवालानेही कमी ऐकू येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत धरलंय, २०२४मध्ये कमी दिसणंही त्यात आलं. म्हणजे कान-डोळे तपासणं दोन्ही कारणांनी हवं.

दुसऱ्यांदा मार्क वाढण्यात थोडा भाग सरावाचाही असतो हे लक्षात ठेवा, म्हणून परत घेताना त्याच चाचणीची दुसरी आवृत्ती वापरावी, मोकाच्या तशा आवृत्त्या आहेत. पण २३ चे २७ निव्वळ सरावाने होणं कठीण. चावी परत मिळाली का?

सत्तरीचा_सोबती

मिळाली. मुलगा शेजारी बसून दोन आठवडे बघत होता, मग दिली. :)

गणिती_मन

धागा छान चाललाय पण मला एक गोष्ट खटकतेय, स्पष्ट बोलतो, राग नसावा. बायकांसाठी वेगळा तक्ता हे ऐकायला योग्य वाटतं पण 'बायका' हा काही एकसंध गट नाही. जुन्या पिढीत बायकांना शाळेत कमी पाठवलं, त्यामुळे ज्या चाचण्या शाळेत शिकवलेल्या गोष्टींवर उभ्या आहेत त्यात त्यांचे मार्क कमी. आता तुम्ही त्यांचा वेगळा तक्ता बनवलात तर तो कमीपणा 'बायकांचं नॉर्मल' म्हणून छापून टाकलात. मग त्यातली खरंच आजारी असलेली बाई नॉर्मल ठरेल.

ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत फुटबॉल लीगच्या डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंच्या भरपाईत वंशानुसार वेगळे तक्ते वापरले गेले, कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ पातळीच खाली धरली गेली, त्यामुळे नुकसान झालंय हे सिद्ध करणं त्यांना अवघड जायचं. २०२१मध्ये लीगला ते थांबवतो म्हणावं लागलं. गटाचा तक्ता दुधारी असतो.

आणि फरक कायमचे नाहीत. डॅनिएला वेबर आणि सहकाऱ्यांचा २०१४चा पेपर आहे, युरोपातल्या १३ देशांतले ५०च्या पुढचे लोक. जिथे राहणीमान आणि शिक्षण सुधारलं तिथे बायकांना पुरुषांपेक्षा जास्त फायदा झाला, स्मरणशक्तीतली त्यांची आघाडी वाढली, आकडेमोडीतली पिछाडी कमी झाली. २०२१मध्ये ब्रिटनच्या दोन मोठ्या अभ्यासांवर ब्लूमबर्ग आणि मंडळींनी काम केलं, १९३० ते १९५५ या काळात जन्मलेले लोक. स्मरणात बायका सगळ्याच पिढ्यांत पुढे. पण शब्द पटापट सुचण्याच्या चाचणीत आधीच्या पिढीत पुरुष पुढे होते आणि नंतरच्या, जास्त शिकलेल्या पिढीत बायका पुढे गेल्या. २५ वर्षांत मेंदू बदलत नाही हो, शाळा बदलते.

दुपारची_सावली

@गणिती_मन राग कसला, उलट हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. तुमचं म्हणणं मला पटतंय आणि तरी आईच्या बाबतीत तक्ता बदलल्यानेच आजार दिसला हेही खरं आहे. मला वाटतं दोन वेगळ्या बायका आहेत इथे. एक माझ्या आईसारखी, शिकलेली, शब्दांत तरबेज, तिचा आजार एकत्र तक्त्यात लपतो. दुसरी जिला शाळाच मिळाली नाही, तिला आजार नसताना तो चिकटवला जातो. एकच आकडा दोघींना चुकवतो, पण उलट्या दिशांनी.

रानजाई

ती दुसरी बाई म्हणजे माझी आत्या. शाळेत एक दिवस गेली नाही. काकांनी सगळे पैशांचे व्यवहार केले, ते गेल्यावर ती एकटी राहते. तिला एका शिबिरात टेस्ट दिली, एमएमएसई होती. दोन पंचकोन एकमेकांत अडकलेले काढायला सांगितले. तिच्या हातात पेन्सिल दिली ती तिने मूठ करून धरली, सुरी धरतात तशी. कागदावर टेकवली आणि माझ्याकडे बघत राहिली. १०० मधून सात-सात वजा करायला सांगितले, ती म्हणाली 'मला नाही येत गं हे', आणि पुढचं काही विचारायच्या आधीच तिने हात मांडीवर ठेवले. १७ आले. कागदावर लिहून दिलं की स्मृतिभ्रंशाची शक्यता.

आणि ही बाई सगळ्या वाड्यातल्या ४० लोकांचे वाढदिवस, कोण कुणाचं काय लागतं, कुणाला कुठल्या साली ऑपरेशन झालं हे न अडखळता सांगते. मी त्या शिबिरातल्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला जुनं सगळ्यांना आठवतं. बरोबर असेल, पण तिने गेल्या आठवड्यातलंही सांगितलं असतं, विचारायला हवं होतं ना.

चाचणीवाली

रानजाई, आत्यांना परत तपासून घ्या, आणि शाळा न झालेल्यांसाठीची चाचणी मागा. मोका-बेसिक नावाची आवृत्ती त्यासाठीच आहे, तिच्यात अक्षर-ओळख लागत नाही. रुडास ही ऑस्ट्रेलियात २००४मध्ये केलेली दुसरी, वेगवेगळ्या भाषा आणि संस्कृतींतल्या लोकांसाठी. ३० मार्कांची, त्यात दुकानातून आणायच्या वस्तूंची यादी लक्षात ठेवायची असते, रस्ता सुरक्षितपणे कसा ओलांडाल हे सांगायचं असतं. ज्या गोष्टी माणूस आयुष्यभर करत आलाय त्यांवर बेतलेली.

हात मांडीवर ठेवणं हे तर मी रोज बघते. माझा अनुभव असा की कमी शिकलेल्या बायका 'मला नाही येत' म्हणून लवकर सोडतात आणि पुरुष अंदाजाने का होईना काहीतरी उत्तर देतात. आम्हाला थांबून, पाणी देऊन, 'तुम्हाला येईल तेवढंच सांगा, परीक्षा नाहीये' असं म्हणावं लागतं. दहा मिनिटांत पेशंट बाहेर काढायच्या घाईत ते होत नाही.

पैशांचा मुद्दा आलाच आहे तर एक गोष्ट सांगते, ती ऐकून मी स्वतः शिकताना चक्रावले होते. रोजची कामं जमतात का याची लॉटन आणि ब्रॉडींची एक जुनी यादी आहे, १९६९ची, अजून वापरात आहे. तिच्यात आठ कामं. पण पूर्वी बायकांना आठपैकी आणि पुरुषांना पाचपैकीच मार्क द्यायचे, स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं पुरुषांच्या बाबतीत मोजायचंच नाही! म्हणजे आजार कुठे दिसतो हे कुणाच्या वाट्याला कुठलं काम आलं त्यावर. बाईचा स्वयंपाक बिघडला तर लगेच लक्षात येतं. तिने कधी बँकच बघितली नसेल तर तिथे घसरण झाली हे दिसणारच नाही, आणि पुरुषाचं याच्या उलट.

याहून बरी पद्धत फेफर यांच्या १९८२च्या प्रश्नावलीत आहे, तिथे 'कधी केलं नाही पण आता करू शकेल' आणि 'कधी केलं नाही आणि आता जड जाईल' असे दोन वेगळे पर्याय दिलेत. काका-आत्यांच्या घरातलं बँकेचं काम इथे नीट पकडता येतं.

माऊली_२०

वाचतेय, फार माहितीपूर्ण. एक विचारू का, हे सगळं हार्मोन्समुळे असतं ना? मेनोपॉजनंतर इस्ट्रोजेन घेतलं तर विस्मरण टळतं असं मैत्रीण सांगत होती, तिच्या आईला सुरू करायचं म्हणतेय, आई ६८.

चाचणीवाली

@माऊली_२० मैत्रिणीला आधी डॉक्टरांशी बोलायला सांगा. डब्ल्यूएचआयएमएस नावाचा मोठा अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला, ६५ आणि पुढच्या बायकांवरचा. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका कमी न होता उलट साधारण दुप्पट आढळला. ६८व्या वर्षी विस्मरण टाळायला म्हणून ते सुरू करू नये. हार्मोन्सचा संबंध आहे, जीन्सचाही आहे, एपीओई-४ नावाच्या जीनचा धोका ६५ ते ७५ या दहा वर्षांत पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो असं २०१७च्या एका मोठ्या विश्लेषणात आलंय. पण चाचणीच्या टेबलावर मला त्याहून जास्त नडतं ते डिप्रेशन. ते बायकांत जास्त असतं, एकटेपणात वाढतं आणि स्कोअर खाली ओढतं. म्हणून ज्येष्ठांसाठीची डिप्रेशनची १५ प्रश्नांची छोटी प्रश्नावली मी सोबत घेतेच. थायरॉइड, बी-१२ आणि चालू असलेली औषधं हेही आधी बघायचं, झोपेच्या आणि लघवीच्या काही गोळ्यांनी डोकं धुरकट होतं.

गणिती_मन

मग निष्कर्ष काय काढायचा? तक्ता वेगळा हवा की नको?

चाचणीवाली

माझं उत्तर म्हणजे शब्दस्मरणासाठी वय, शिक्षण आणि बाई-पुरुष तिन्ही बघून बनवलेला तक्ता हवा, कारण तिथला फरक सगळ्या पिढ्यांत टिकलाय, तुम्हीच दिलेल्या ब्रिटिश अभ्यासात आहे ते. आकडेमोड, चित्र, शब्द सुचणं यात मी आधी शाळा बघते. आणि या सगळ्यापेक्षा मला हवा असतो तो त्याच माणसाचा आधीचा स्कोअर. २०२१मध्ये अमेरिकेतल्या पाच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं, २६ हजारांवर लोक. बायकांची सुरुवातीची पातळी वर होती पण एकूण आकलन आणि नियोजनाची क्षमता त्यांच्यात पुरुषांपेक्षा वेगाने उतरली, स्मरणाचा उतार मात्र साधारण सारखा. एकदाच घेतलेल्या चाचणीत उंची दिसते, उतार दिसत नाही. म्हणून ६५च्या आसपास, सगळं ठणठणीत असताना, एकदा चाचणी करून कागद जपून ठेवा असं मी सगळ्यांना सांगते. लेकॅनेमॅबसारखी अल्झायमरवरची नवी औषधं सुरुवातीच्या टप्प्यातल्यांनाच देतात, त्यामुळे आठ महिने हा काळ आता पूर्वीसारखा किरकोळ राहिलेला नाही.

रानजाई

आणि ज्यांच्याकडे आधीचा कागदच नाही? आत्याकडे कुठून आणू?

चाचणीवाली

त्यासाठी जवळच्या माणसाला विचारायची प्रश्नावली असते, आयक्यूकोड म्हणतात, दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता कसं आहे हेच प्रत्येक प्रश्नात विचारतात, छोट्या आवृत्तीत १६ प्रश्न. शाळेशी तिचा फार संबंध येत नाही. पण उत्तर देणारा कोण हे महत्त्वाचं. पुरुष पेशंटबरोबर बहुतेक वेळा बायको येते आणि ती बारीकसारीक सगळं सांगते. बायका जास्त जगतात, त्यामुळे आजी येतात तेव्हा नवरा नसतो, मुलगा येतो जो रविवारी तासभर भेटतो. आत्यांच्या रोज संपर्कात कोण आहे? शेजारीण असेल तर तिला घेऊन जा.

रानजाई

शेजारच्या मावशी आहेत, दोघी रोज संध्याकाळी दोन तास बसतात बाहेर. त्यांनाच नेते. कुणाच्या डोक्यात आलं नसतं हे.

निवांतक्षण

सावलीताई, आईंना आता कसं आहे? आणि त्यांना सांगितलंत का निदान?

दुपारची_सावली

सांगितलं. सौम्य विस्मरण, अजून रोजचं बरंचसं स्वतः करते. सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली 'मला वाटलंच होतं, पण २७ मिळाले म्हटल्यावर मी माझ्यावरच शंका घेणं सोडलं.' म्हणजे तिला आठ महिने आतून माहीत होतं आणि आम्ही सगळ्यांनी त्या आकड्याने तिचं तोंड बंद केलं. हे मला फार लागलंय.

आता असं केलंय की हिशोबाची वही तीच लिहिते, पण बिल भरलं की पावती त्या पानाला टाचणीने लावते, आणि वीजबिल लिहिण्याआधी मागचं पान उलटून बघते. मी एक वेगळी वही केलीय, तारीख टाकून एकेका ओळीत, काय विसरली, काय आठवलं, दोन्ही. मागच्या भेटीत ती वही आणि आईची ती तीन नोंदींची वही मी आधी टेबलावर ठेवली आणि मग बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं नुसती पानं बघितली.

पुढच्या महिन्यात परत चाचणी आहे. सकाळचीच वेळ घेतलीय कारण दुपारनंतर ती दमते, घेणाऱ्या बाई त्याच, आवृत्ती दुसरी, चष्मा नवा करून झालाय, आणि @सत्तरीचा_सोबती काका, तुमचं वाचून परवा कानही तपासून आणले. स्कोअर आला की मागच्या आकड्यांसकट इथेच लिहीन.

सत्तरीचा_सोबती

वाट बघतो. आईंना माझा नमस्कार सांगा.